बदललेला पत्ता आणि दहा दिवसांची मुदत

घर बदलणे ही मनुष्याच्या आयुष्यात वारंवार घडणारी गोष्ट होय. नोकरीतील बदली, कुटुंबाचा विस्तार, मुलांची शाळा किंवा वाढलेले भाडे, ह्यांपैकी एखादे कारण पुरेसे होते आणि बिऱ्हाड हलते. आपल्याकडे बिऱ्हाड हलले म्हणजे दूधवाला, वर्तमानपत्रवाला, बँक आणि आप्तेष्ट ह्यांस कळवावे, शिधापत्रिकेवरील व मतदारयादीतील पत्ता सवडीने बदलून घ्यावा, एवढ्यावर गृहस्थ निश्चिंत होतो. ही कामे मागे पडली तर गैरसोय होते. परंतु देशात राहण्याच्या हक्कास त्यामुळे काही बाध येत नाही. जो मनुष्य दुसऱ्याच्या देशात जाऊन स्थायिक झाला आहे, त्याची स्थिती मात्र निराळी आहे. त्याने घर बदलले ही त्याची खाजगी बाब राहत नाही. ती सरकारदरबारी नोंदविण्याची बाब होते.

आज महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांपैकी पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहत आहे. मुलगा शिकावयास जातो, नोकरीस लागतो, पुढे ग्रीन कार्ड मिळवितो. काही वर्षांनी नागरिक होतो आणि वृद्ध आईवडिलांसही तिकडे बोलावून घेतो. अशा रीतीने साठी उलटलेली मंडळीही तेथील कायद्याच्या कक्षेत येतात. तेव्हा ह्या कायद्यातील पत्त्यासंबंधीचा नियम काय आहे, तो का झाला, आणि तो पाळला नाही तर काय होते, हे येथील घरांतही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ग्रीन कार्ड ज्याच्यापाशी आहे त्यास 'कायम रहिवासी' म्हणतात. परंतु ह्यातील 'कायम' हे विशेषण काहीसे फसवे आहे. कायम रहिवाशास अमेरिकेत राहण्याचा व नोकरीधंदा करण्याचा हक्क असतो, परंतु नागरिक होईपर्यंत कायद्याच्या परिभाषेत तो परकीयच असतो. त्याचा मुक्काम कायमचा खरा, पण तो काही अटींवर. त्या अटींपैकी सर्वांत लहान, बिनखर्चाची आणि म्हणूनच सहज विसरली जाणारी अट अशी की, राहते घर बदलल्यापासून दहा दिवसांच्या आत नवा पत्ता सरकारास कळविला पाहिजे.

ह्या अटीचा उगम युद्धाच्या दिवसांत आहे. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा पाडाव झाला आणि अमेरिकेत परकीय हेरांविषयी मोठी धास्ती उत्पन्न झाली. २८ जून १९४० रोजी अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांची परकीयांच्या नोंदणीच्या कायद्यावर सही झाली. चौदा वर्षे व त्यांवरील वयाच्या प्रत्येक परकीयाने आपली नोंद करावी व बोटांचे ठसे द्यावेत, असे त्या कायद्याने फर्माविले. २७ ऑगस्टपासून २६ डिसेंबरपर्यंत, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, सुमारे ५० लाख माणसांची नोंदणी झाली. ही नोंदणी पोलिसांच्या चौक्यांत न करता टपाल कचेऱ्यांत करण्यात आली. नोंदणीचे संचालक अर्ल हॅरिसन ह्यांचा कटाक्ष असा होता की, नोंद करावयास येणारा मनुष्य गुन्हेगार नव्हे, तेव्हा त्यास गुन्हेगाराच्या दाराशी उभे करू नये. त्याच कायद्यात पत्त्याचे कलम होते. अमेरिकेत वास्तव्य करणाऱ्याने घर बदलल्यास पाच दिवसांत कळवावे, आणि तात्पुरता आलेल्याने दर तीन महिन्यांनी आपला ठावठिकाणा कळवावा, असे ते होते.

त्या वेळी अमेरिकेत असलेल्या थोड्या भारतीयांसही हा कायदा लागू झाला. १९२३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भारतीयांस तेथील नागरिकत्वाचा मार्ग बंद झाला होता. तेव्हा वीस-वीस वर्षे तेथे शेती वा व्यापार करणारा भारतीयही ह्या हिशेबाने परकीयच होता. १९४६ साली कायदा बदलून तो मार्ग खुला झाला, आणि वर्षाकाठी शंभर भारतीयांस प्रवेश मिळू लागला. पुढे १९६५ सालच्या कायद्याने देशोदेशींची जुनी प्रमाणे मोडली आणि आजच्या भारतीय वस्तीचा पाया घातला गेला.

पत्त्याचे कलम मात्र टिकले. १९५२ सालच्या इमिग्रेशन कायद्यात ते पुन्हा घालण्यात आले. ह्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत प्रत्येक परकीयाने आपला पत्ता कळवावा लागे, आणि शिवाय मध्यंतरी घर बदलल्यास दहा दिवसांत तसे कळवावे लागे. १९८१ सालच्या दुरुस्तीने जानेवारीची वार्षिक प्रथा गेली. दहा दिवसांचा नियम राहिला. तो आजही कायद्याच्या २६५ व्या कलमात आहे. जुने इमिग्रेशन खाते २००३ साली मोडून अंतर्गत सुरक्षा खात्याच्या हाताखाली नवे नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा खाते स्थापन झाले, तेव्हापासून पत्ता ह्या नव्या खात्यास कळवावयाचा असतो. मध्यंतरी ह्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष नसे. परंतु २०२५ सालच्या जानेवारीत निघालेल्या अध्यक्षीय हुकुमाने परकीयांच्या नोंदणीची जुनी कलमे कसोशीने अंमलात आणण्याचे ठरले. त्यामुळे जी गोष्ट पूर्वी दुर्लक्षिली तरी खपत असे, ती पुढेही खपेल असे मानण्यात शहाणपण नाही.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. ह्या कामाच्या फॉर्मास 'ए. आर.-११' असे नाव आहे. त्यात नाव, जन्मतारीख, परकीय नोंदणी क्रमांक, पूर्वीचा राहता पत्ता, नवा राहता पत्ता आणि नव्या घरी राहावयास आल्याचा दिवस, एवढा मजकूर द्यावयाचा असतो. टपाल घेण्याचा पत्ता निराळा असेल तर तो स्वतंत्रपणे लिहावा. परंतु टपालपेटीचा पत्ता हा राहत्या घराच्या पत्त्याची जागा घेऊ शकत नाही. फॉर्म खात्याच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येतो किंवा छापील प्रत टपालाने पाठविता येते. त्यास फी नाही. एखादा दलाल किंवा परके संकेतस्थळ ह्या कामासाठी पैसे मागू लागले, तर त्यापासून दूर राहावे. नव्या पत्त्यासाठी नवे ग्रीन कार्डही काढावे लागत नाही, कारण त्या कार्डावर पत्ता छापलेलाच नसतो.

दोन पद्धतींत एक महत्त्वाचा भेद आहे. खात्यापाशी एखादा अर्ज प्रलंबित असेल, उदाहरणार्थ नागरिकत्वाचा किंवा कार्डाच्या नूतनीकरणाचा, तर ऑनलाइन फॉर्म भरताना त्या अर्जाचा पावती क्रमांक द्यावा, म्हणजे त्या प्रकरणातही नवा पत्ता जातो. केवळ छापील फॉर्म टपालाने धाडला तर कायद्याचे कर्तव्य पुरे होते, परंतु प्रलंबित अर्जावरील पत्ता त्याने बदलत नाही. तो निराळा कळवावा लागतो. कोणत्याही पद्धतीने कळविले तरी पुरावा जपून ठेवावा. ऑनलाइन असेल तर पोचीची प्रत छापून घ्यावी. टपालाने असेल तर फॉर्मची नक्कल ठेवून मूळ फॉर्म पोच मिळणाऱ्या टपालाने पाठवावा. ही सूचना अतिसावधपणाची वाटेल, परंतु २००२ साली असे उघडकीस आले होते की, जुन्या इमिग्रेशन खात्याकडे आलेले पत्ताबदलाचे फॉर्म इतर लक्षावधी कागदांबरोबर मिसुरी राज्यातील एका भुयारी गोदामात नोंद न होता पडून होते. मनुष्याने आपले कर्तव्य केले, पण कचेरीत त्याची नोंद झाली नाही, अशा प्रसंगी हातातील पोच हाच एक आधार असतो.

ह्या नियमात सर्वांत अधिक घोटाळा होतो तो कुटुंबाच्या बाबतीत. आपल्याकडे कर्त्या पुरुषाने एक अर्ज केला की साऱ्या घराचे काम होते, अशी सवय आहे. येथे तसे नाही. समजा, न्यू जर्सी राज्यात एक मराठी कुटुंब राहत आहे. कर्ता मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला आहे. पत्नीपाशी ग्रीन कार्ड आहे. आईवडील मुलाच्या अर्जावरून ग्रीन कार्ड मिळवून त्याच्याकडे राहावयास गेले आहेत. लहान मुलगी तेथेच जन्मलेली आहे, आणि धाकटा भाऊ विद्यार्थी म्हणून व्हिसावर येऊन कॉलेजात शिकत आहे. हे सहा जणांचे बिऱ्हाड एडिसनहून प्रिन्स्टनला हलले. सामानाची गाडी एकच, घर एकच. परंतु कायद्याची बंधने मात्र माणसागणिक वेगळी.

पत्नीने आपला ए. आर.-११ दहा दिवसांत भरावा. वडिलांनी आपला भरावा, आणि आईनेही आपला वेगळा भरावा. पतीच्या फॉर्मात पत्नीचा समावेश होत नाही. चौदा वर्षांखालील मूल परकीय असते, तर त्याचा फॉर्म आईबापांनी भरला असता. परंतु ही मुलगी जन्मतःच नागरिक असल्यामुळे तिच्यापुरते काही करावयाचे नाही. विद्यार्थी भावाने दहा दिवसांच्या आत आपल्या कॉलेजातील परदेशी विद्यार्थ्यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्यास कळवावे. तो अधिकारी सरकारी नोंदीत पत्ता बदलतो. राहता राहिला कर्ता मुलगा. तो नागरिक असल्यामुळे त्यास ए. आर.-११ लागू नाही, आणि म्हणूनच तो निर्धास्त असतो. परंतु आईवडिलांस बोलाविताना त्याने त्यांच्या पोषणाची हमी लिहून दिलेली असते. हमीदाराने घर बदलले तर तीस दिवसांच्या आत 'आय-८६५' नावाच्या फॉर्मवर तसे कळविले पाहिजे, असा स्वतंत्र नियम आहे. आणि तो मोडल्यास २५० ते २००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यास वाटते की आपल्याला काहीच करावयाचे नाही, त्याच्याच माथी हे दुसरे ओझे असते.

दुसरा गैरसमज टपाल खात्याविषयी आहे. तेथील टपाल कचेरीत नवा पत्ता नोंदविला म्हणजे जुन्या पत्त्यावरील पत्रे काही काळ नव्या घरी येतात. ही सोय उत्तम आहे, परंतु इमिग्रेशन खात्यास त्यायोगे काहीही कळत नाही. शिवाय त्या खात्याची महत्त्वाची पाकिटे टपालवाल्याने पुढे न धाडता परत पाठवावीत, अशा खुणेने पाठविली जातात. ग्रीन कार्ड जुन्या पत्त्यावर गेले तर ते खात्याकडे परत जाते, आणि कामकाजाच्या साठ दिवसांत मालकाने नवा पत्ता कळविला नाही तर ते नष्ट करण्यात येते. मग पुन्हा अर्ज, बहुधा पुन्हा फी आणि पुन्हा अनेक महिन्यांची प्रतीक्षा. मोटार हाकण्याच्या परवान्याचेही तसेच आहे. न्यू जर्सीत घर बदलल्यापासून एका आठवड्यात आणि कॅलिफोर्नियात दहा दिवसांत मोटार खात्यास कळवावे लागते; परंतु ते राज्य सरकारचे खाते होय. इमिग्रेशन हा मध्यवर्ती सरकारचा विषय आहे. एकास सांगितलेले दुसऱ्यास पोहोचले असे समजू नये. शाळेच्या हजेरीपटावर एका वर्गात नाव लागले म्हणून दुसऱ्या वर्गात हजेरी लागत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

घर बदलले असे कधी मानावयाचे, हाही प्रश्न वृद्ध मंडळींपुढे येतो. कारण ती कधी मुलाकडे, कधी मुलीकडे असतात. कायद्याने निवासस्थानाची व्याख्या केली आहे. मनुष्याचा हेतू काय आहे ते न पाहता, त्याचे मुख्य व प्रत्यक्ष राहते ठिकाण कोणते, हे पाहावे असे ती व्याख्या सांगते. आईवडील न्यू जर्सीतील मुलाच्या घरून टेक्सासमधील मुलीकडे तीन आठवडे पाहुणे म्हणून गेले, तर निवास बदलला नाही. परंतु सामानसुमान हलवून ती मुलीकडेच राहू लागली, तर 'आमचे खरे घर मुलाकडेच आहे' ह्या म्हणण्यास अर्थ नाही. दहा दिवसांची मुदत सुरू झाली. दिवाळीसाठी पुण्यास दोन महिने येऊन परत जाणे हाही पत्ताबदल नव्हे. मात्र वर्षाहून अधिक काळ भारतात राहण्याचा बेत असेल, तर प्रश्न केवळ पत्त्याचा उरत नाही. निवासाचा हक्कच सोडला काय, अशी शंका घेतली जाते. अशा वेळी अमेरिकेतून निघण्यापूर्वीच पुनःप्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करणे हा राजमार्ग होय.

नियम मोडल्यास काय होते? कायद्याच्या २६६ व्या कलमात ह्या कसुरीबद्दल २०० डॉलरपर्यंत दंड किंवा तीस दिवसांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. दंडाच्या रकमांविषयी पुढे झालेल्या सर्वसाधारण कायद्याने दंडाची वरची मर्यादा ५००० डॉलरपर्यंत गेली आहे. ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, शिक्षा होवो वा न होवो, ही कसूर हद्दपारीचे कारणही होऊ शकते. परंतु त्याच कलमात एक दार उघडे ठेवलेले आहे. कसुरीस योग्य कारण होते किंवा ती जाणूनबुजून झाली नव्हती, असे त्या मनुष्याने पटवून दिले तर हद्दपारी होत नाही. म्हणून दहा दिवस उलटून गेले असतील तरीही फॉर्म भरावा. उशिरा कळविणे हे न कळविण्यापेक्षा केव्हाही बरे. कारण जो स्वतः होऊन कळवितो त्याने लपविण्याचा प्रयत्न केला, असे म्हणणे कठीण जाते.

निव्वळ ह्या एका कसुरीसाठी खटला भरल्याची उदाहरणे थोडी आहेत, असे तेथे राहणारे सांगतात, व त्यात तथ्य आहे. परंतु खरे संकट दंडाचे नव्हे; ते न मिळालेल्या पत्राचे आहे. नागरिकत्वाचा अर्ज केलेल्यास मुलाखतीचे बोलावणे जुन्या पत्त्यावर जाते. तो हजर राहत नाही. अर्ज निकालात निघतो. विवाहाच्या आधारे दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळालेल्या वधूस बोटांचे ठसे देण्याची तारीख कळत नाही. एखाद्यावर इमिग्रेशन न्यायालयात प्रकरण चालू असेल तर धोका याहून मोठा. तेथे नवा पत्ता कामकाजाच्या पाच दिवसांत न्यायालयास वेगळ्या फॉर्मवर कळवावा लागतो. पत्ता कळविला नाही आणि तारखेस गैरहजर राहिला, तर त्याच्या पाठीमागे हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. मनुष्याने स्वतः दिलेल्या शेवटच्या पत्त्यावर नोटीस पाठविली म्हणजे सरकारचे कर्तव्य पुरे झाले, असे कायदा धरून चालतो. नोटीस पोहोचलीच नाही ही तक्रार, ज्याने पत्ता कळविला आहे त्याच्याच तोंडी शोभते.

नागरिकत्वाच्या वाटेवरही पत्त्यांची ही साखळी उपयोगी पडते. सामान्यतः पाच वर्षांच्या कायम निवासानंतर हा अर्ज करता येतो; त्यात गेल्या पाच वर्षांतील राहत्या घरांचे पत्ते तारखांसह मागितलेले असतात, आणि अर्जापूर्वी त्या राज्यात वा त्या कचेरीच्या हद्दीत तीन महिने वास्तव्य असावे लागते. ज्याने प्रत्येक वेळी दहा दिवसांत पत्ता कळवून पोच जपून ठेवली, त्यास ही यादी करावयास घटकाभर पुरते. ज्याने तसे केले नाही, त्यास आठवणीवर विसंबावे लागते. आणि आठवण व सरकारी नोंद ह्यांत फरक पडला तर त्याचा खुलासा अर्जदारालाच करावा लागतो.

हा कायदा संशयातून जन्मास आला हे खरे आहे, आणि परक्या माणसाचा ठावठिकाणा सदैव ठाऊक असावा असे सरकारास का वाटते, ह्याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु आज अमेरिकेत राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहता ही नोंद त्याच्या संरक्षणाचे साधनही आहे. तिच्याच योगाने कार्ड घरी येते, बोलावणे वेळेवर मिळते आणि न्यायाधीशापुढे आपली बाजू मांडण्याची संधी राहते. तेव्हा ज्या घरातील मुले वा आईवडील तिकडे आहेत, त्यांनी घर बदलल्याची आनंदाची वार्ता फोनवरून कळताच नव्या खोल्यांची आणि शेजाराची चौकशी अवश्य करावी. पण त्याबरोबर एक प्रश्न अधिक विचारावा: घरातील प्रत्येकाचा पत्ता सरकारास वेगवेगळा कळविला काय, आणि त्याची पोच कोठे ठेवली आहे? दहा मिनिटांचे हे काम दहा दिवसांच्या आत झाले, म्हणजे नव्या घरात खऱ्या अर्थाने स्वस्थपणे राहता येते.